पिकतं तिथं मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोषण महिना उरकला. आपल्या जिल्हा पानावर रोज एका तरी गावाचा फोटो येत होता. भाज्यांची रांगोळी, कडधान्यांचं प्रदर्शन, गरोदर लेकीबाळींची ओटी आणि मधोमध साहेब. आमच्या गावातही हे सगळं रीतसर झालं. माझी सून अंगणवाडीत मदतनीस आहे, त्यामुळे रांगोळीचे दोडके, भेंडी, टोमॅटो, पालक आमच्याच मळ्यातून गेले. फोटो वर गेले, भाज्या बायकांनी पदरात बांधून घरी नेल्या. त्या सोमवारी आमच्या आळीत दोन-तीन चुलींवर दोडका शिजला. एरवी सोमवारी आमच्या गावात दोडका पैसे मोजूनही मिळत नाही. हे पत्र लिहायचं कारण तेवढंच.

२०१८ पासून दर वर्षी हा महिना येतो. ताटात रोज हिरवी भाजी हवी, डाळ हवी, एखादं फळ हवं, असं भाषणात सांगतात. बायका मान डोलावतात, कारण त्यांना ते आधीच ठाऊक असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नवी आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं लागतात. म्हणजे चार माणसांच्या घरात रोज दीड किलो भाजी आली पाहिजे. ती आणायची कुठून, हे कोणत्याच भाषणात येत नाही. जनजागृती मात्र येते. अहो, आम्ही जागेच आहोत. बाजार झोपलेला आहे.

आमचं गाव दोन-अडीच हजार वस्तीचं आणि बाजाराचं, म्हणजे तसं नशीबवान. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांना तेवढाही बाजार नाही. गुरुवारी तो भरतो. गुरुवारी रात्री घरोघर मेथी नाहीतर शेपू असते. शुक्रवारी उरलेली पालेभाजी, शनिवारी वांगी-गवार, रविवारी कोबी किंवा मऊ पडलेले टोमॅटो. फ्रिज आहेत थोड्यांकडे. बाकीच्यांनी पाला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवला तरी उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी तो पिवळा पडतो. सोमवारपासून बटाटा, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ आमटी. चटणी-भाकरीला मी नावं ठेवत नाही, तिच्यावरच आमच्या पिढ्या उभ्या राहिल्या. पण तेव्हाच्या भाकरीबरोबर रानातला पाला असायचा, त्याचं पुढे सांगते.

आता त्याच सोमवारी किराणा दुकानात जाऊन बघा. दारातच वेफर्सच्या, नळ्यांच्या, कसल्याशा मसालेदार काड्यांच्या पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. त्यांचा कधी तुटवडा नाही. कंपनीची गाडी ठरलेल्या दिवशी येते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि एसटी बंद झाली तरी ती आडवाटेनं येते. नियम आहे म्हणे, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केलेला, की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असला जास्त तेल-मीठ-साखरेचा माल विकू नये. आमचं दुकान फाटकावरून दगड भिरकावला तर पोचेल इतक्यावर आहे. तरी मी त्या दुकानदारावर कारवाई मागत नाही. दुकान उचलून ओढ्यापलीकडे ठेवलं तरी पोरं तिथवर पळतील. त्यांच्या पाच रुपयांना गावात दुसरं काय मिळतं, ते सांगा. केळं गुरुवारी मिळतं. पेरूच्या दिवसांत पेरू, बोरांच्या दिवसांत बोरं. बाकीच्या वेळी पुडी.

आणखी एक गोष्ट शहरातल्या वाचकांच्या ध्यानात येत नसेल. मजुरीचा हिशोब आमच्याकडे बाजाराच्या दिवशी होतो. आठवड्याचे पैसे गुरुवारी दुपारी हातात पडतात आणि तिथंच संपतात. मंगळवारी बाईच्या कमरेला रोकड नसते. दुकानदार वहीत लिहून घेतो, म्हणून मंगळवारी बिस्किटपुडा घरात येतो. भाजीवालीला वही परवडत नाही. तिला दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला भाडं द्यायचं असतं. म्हणजे पुडी उधार आणि भाजी रोख. पोरांच्या तोंडाला चटक लागली म्हणून रडणाऱ्यांनी आधी हे गणित पाहावं.

लोक विचारतील, तुझाच मळा आहे ना, मग तू का नाही विकत गावात? विचारायलाच हवं. विहिरीवर भिजणारं दीड एकर रान आहे आमचं, त्यात बारमाही भाजीपाला असतो. माल दुपारी तोडायचा, जुड्या बांधायच्या, कॅरेट भरायचे. अंधार पडायला टेम्पो येतो आणि माल रातोरात शहराच्या यार्डात जातो. पहाटे सौदे होतात, दोन दिवसांनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात येते. भाडं, हमाली, तोलाई जाऊन जे उरेल ते आपलं. थंडीत आवक वाढली की मेथीची जुडी तीन-चार रुपयांनासुद्धा कोणी विचारत नाही. तीच मेथी कुणी व्यापारी उचलतो, पिकअपमध्ये घालतो, आणि गुरुवारी आमच्याच बाजारात पंधराला विकतो. मंगळवारी गावातून गेलेली भेंडी शहर बघून गुरुवारी गावात परत आली, असंही होतं. आमच्यात म्हण आहे, पिकतं तिथं विकत नाही. मी तिला पुढे जोडते, पिकतं तिथं मिळतही नाही.

गावात विकायची अडचण वेळेची आहे. मजुरीला जाणाऱ्या बायका सकाळी सातला टेम्पोत बसतात. स्वयंपाक त्याआधी झालेला असतो, म्हणजे सकाळी गिऱ्हाईक नाही. संध्याकाळी सहाला त्या परततात तेव्हा मी कॅरेट भरत असते. एखादी पाटी बाजूला काढून पारावर बसावं म्हटलं, तर तिथं दिवा नाही, पाणी मारायला नळ नाही, आणि पत्ते खेळणारी मंडळी उठत नाहीत. उरलेला माल दुसऱ्या दिवशी गुरांपुढे जातो. दोन दोडके विकायला कोणी बाई रात्री आठपर्यंत बसणार नाही. पण रोजचे पाच-सहा किलो नक्की जाणार असतील, तर बसेल. हा नक्कीपणा कोण देणार, एवढाच प्रश्न आहे. माझ्या मते तो शाळेने आणि अंगणवाडीने द्यायचा.

गावात रोज भाजी शिजवणारं सगळ्यात मोठं घर कोणतं? शाळा. पाटलाच्या वाड्यातही एवढा मोठा हंडा चढत नाही. पंतप्रधान पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे, २० ग्रॅम डाळ आणि १०० ग्रॅम धान्य. सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम भाजी, ३० ग्रॅम डाळ. आमच्या शाळेचा पट पाचवीपर्यंत सव्वाशेच्या आसपास आहे. म्हणजे रोज सहा किलो भाजी, महिन्याला दीडशे किलोच्या घरात. मळेवालीच्या दृष्टीनं हे लहान गिऱ्हाईक नाही. एवढी मागणी पक्की असेल तर मी चार सरी पालक, एक ओळ भोपळा आणि बांधाला शेवगा खास गावासाठी ठेवेन. आणि शाळेला सहा किलो द्यायला गावातच थांबले, की दोन किलो जास्तीची तोडून आळीतल्यांनाही देईन. रस्ता असा उघडतो. नुसत्या उपदेशानं कोणी पालक लावत नाही.

पण शाळेच्या खिचडीत भाजी म्हणजे काय असतं, ते जेवणाच्या सुट्टीत येऊन पाहा. बटाटा. कधी कांदा-टोमॅटो. शिजवणाऱ्या बाईची यात चूक नाही. महिन्याला अडीच हजार मानधन, तेही वेळेवर नाही, आणि त्यात ती सव्वाशे पोरांचं रांधते. तांदूळ येतो, डाळ-तेल-मसाला येतो. इंधन-भाजीपाल्याचे पैसे मात्र तीन-तीन महिने मागे असतात. तोवर ती काय करणार? किराणा दुकानातून उधारीवर आणणार. दुकानात काय आहे? बटाटा आणि कांदा, कारण ते नासत नाहीत. पैसा उशिरा आला की भाजीचा रंग बदलतो, हे पोषणाच्या कुठल्याही तक्त्यात नाही. केंद्राने मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे रोज ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये असा साहित्याचा दर ठरवला आहे. पावणेसात रुपयांत डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, इंधन बसवायचं. दर तोकडा आहेच, त्यावर शिक्षक संघटना बोलतात आणि बोलायलाच हवं. पण तीस रुपये किलोच्या भाजीचे ५० ग्रॅम दीड रुपयाला पडतात. तेवढे तरी त्या पावणेसात रुपयांतून निघायला हवेत, आणि वेळेवर निघायला हवेत.

म्हणून माझी पहिली मागणी जिल्ह्याकडे किंवा मंत्रालयाकडे नाही, गावाकडेच आहे. सरकारच्या उमेद अभियानात आमच्याकडे बायकांचे बचतगट आहेत, त्यांचा ग्रामसंघ आहे, खात्यात थोडीफार रक्कम असते. ग्रामसंघाने भाजीपुरता फिरता पैसा बाजूला काढावा. दीडशे किलो, तीस रुपयांनी, महिन्याला साडेचार हजार. तीन महिन्यांचं अनुदान अडकलं तरी तेरा-चौदा हजारांत भागतं. आमच्या गावात एका मिरवणुकीच्या डीजेला याहून जास्त मोजतात. ग्रामसंघानं मळेवालीला आठवड्याला रोख द्यावं आणि शाळेचं अनुदान आलं की वळतं करून घ्यावं. भावावरून कुरबुर होऊ नये म्हणून गुरुवारच्या बाजाराचा भाव शाळेच्या फळ्यावर लिहायचा, आठवडाभर तोच. मला यार्डातल्या लिलावाची धास्ती नको, शाळेला चढा भाव नको. स्थानिक माल घ्या, महिला गटांकडून, शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून घ्या, हे पंतप्रधान पोषण योजनेत सांगितलेलंच आहे. नवीन काही मागत नाही मी. सांगितलेलं होत का नाही, तेवढं विचारते.

अंगणवाडीचं याहून अवघड. तिथं तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना गरम ताजा आहार असतो. २०१७ साली लेकरामागे दिवसाला ८ रुपये दर ठरला. त्यातून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची, असं २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या मूळ अनुसूचीत म्हटलं होतं. २०१७ चा डाळीचा भाव आठवून पाहा आणि आजचा पाहा. माझी सून सकाळी घरून निघताना मूठभर कोथिंबीर, दोन शेवग्याच्या शेंगा पिशवीत टाकते. तिला कोणी सांगितलेलं नाही. सगळ्याच गावांत मदतनिसांच्या सासूचा मळा असतो असं धरून योजना चालवू नये, इतकंच.

अंड्याचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेत आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं. पोरं त्या दिवशी शाळा चुकवत नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद झाले. आता हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणतात. पाच रुपयांचं अंडं. ज्या गावात मंदिराच्या कळसाला वर्गणी जमते तिथं अंड्यालाही जमेल, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी वर्गणी मागायला एकदा माझ्याबरोबर यावं.

आता रानातल्या पाल्याचं. मी लहान असताना खुरपायला गेलेली बाई परतताना ओटीत तांदळी, चिघळ, पाथरी, घोळ घेऊन यायची. विकत काही नाही, मालकाला विचारायचं नाही, उलट त्याचं तण निघायचं. ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या, कोवळी करडई खुडली की दोन वेळची भाजी. कडेला अंबाडी. थंडीत हरभऱ्याचा पाला, तो वाळवून उन्हाळ्यापर्यंत पुरायचा. सोमवारचा दोडका नसला तरी सोमवारची तांदळी असायची. आता खुरपं जाऊन पंप आला. तणनाशक एकदा मारलं की तण आणि भाजी दोन्ही जळतात, आणि फवारलेल्या रानातला पाला कोणी शहाणी बाई आणतही नाही. मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी मारतो, मीही त्याला दोष देऊ शकत नाही. पण गरिबाच्या ताटातली फुकटची भाजी यानं गेली, आणि ती कुठल्याच आकडेवारीत नव्हती म्हणून गेल्याचंही कोणाला कळलं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्यासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही गावात टाळ्या वाजवल्या. टाळ्यांपेक्षा शाळेच्या परसबागेत अंबाडी, तांदळी, देशी वाल लावले असते तर बरं झालं असतं. परसबाग आहे आमच्या शाळेत. तिच्यात शोभेची झाडं आहेत.

रेशनवर मी फार लिहीत नाही, बाकीचे लिहितात. पाच किलो धान्य फुकट मिळतं, त्यानं घरं तगली, हे मान्य. मात्र गहू-तांदळानं भाकरीचं ताट चपाती-भाताचं झालं. आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. केंद्र सरकारने मालदांडी ज्वारीला २०२५-२६ साठी क्विंटलला ३,७४९ रुपये हमीभाव जाहीर केला होता. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य द्यायची तरतूद आहे, आणि रेशनवरच्या वस्तूंमध्ये वैविध्य आणावं असं कलम १२ मध्ये लिहिलेलं आहे. इथंच ज्वारी घ्या, इथंच द्या, आणि तीही यंदाची. गोदामात वर्ष काढलेली, किडलेली ज्वारी दिली तर बाया ती कोंबड्यांना घालतील आणि पुन्हा म्हणाल, लोकांना ज्वारी नको. जमलं तर सोबत किलोभर डाळ.

या सगळ्याचा परिणाम कुठं दिसतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. पाच वर्षांखालच्या लेकरांत ५३.८ वरून ६८.९. गोळ्या वाटल्या, महिने साजरे झाले, मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर आला. माझ्या सुनेची निम्मी दुपार त्या ट्रॅकरच्या कामात सेविकेला मदत करण्यात जाते. वजन भरलं, उंची भरली. भाजी कुठं भरायची, तो रकाना मला तरी दिसला नाही.

आता दुसरी मागणी, आणि ही ग्रामपंचायतीकडे. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडी बाजाराची मोहीम काढली. शेतकऱ्यानं थेट विकावं, गिऱ्हाईकाला ताजं मिळावं. चांगलीच गोष्ट. पण हे बाजार भरले पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांजवळ. सावता महाराज आमच्याच जिल्ह्यातल्या अरणचे. त्यांनी मळा केला खेड्यात, आणि त्यांच्या नावाचा बाजार लागतो शहरात. शहरातल्या लोकांना ताजी भाजी मिळू नये असं मी म्हणत नाही, माझाच माल तिथं जातो. पण खेड्यातल्या माणसाला ताजी भाजी आपोआप मिळतच असेल, हा सगळ्यांचा समज आहे, आणि तो साफ खोटा आहे.

आमच्या गावात सोमवारी संध्याकाळी सहा ते आठ दुसरा बाजार भरवावा. मोठा नको. गावातल्या आणि वाड्यांवरच्या पाटीवाल्या बाया फक्त, बाहेरचा पिकअप नाही. त्यासाठी एक ओटा, वर पत्रा, एक दिवा आणि एक नळ लागतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आजवर त्यातून खुर्च्या, सतरंज्या, भांडी आली. यंदा ओटा बांधा. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतीच्या २९ विषयांत बाजार आणि जत्रा आहेत, म्हणजे हे काम पंचायतीच्या कक्षेबाहेरचंही नाही.

हा विषय आम्ही बायकांनी मागच्या ग्रामसभेत काढला होता. पहिलं उत्तर आलं, बाजाराचा लिलाव झालाय, ठेकेदार पावती फाडणार. त्याचा ठेका गुरुवारचा आहे, सोमवारी कशाची पावती? तरी त्याला नाराज करायला कोणी तयार नव्हतं, कारण तो कोणाचा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरं उत्तर, सोमवारी कोणाकडे पैसे असतात? हे मात्र खरं आहे, वर मीच लिहिलंय. त्यावर आमच्यातल्या एकीनं उपाय सांगितला. गटाच्या सभासदांना गटाच्या वहीत भाजी लिहून न्यायची मुभा द्यावी आणि गुरुवारी बचतीबरोबर ते पैसे भरावेत. दुकानदाराची वही चालते, तर गटाची का नाही? पैसे बुडतील म्हणाल, तर कर्जाची वसुली आमचे गट बँकेपेक्षा चोख करतात.

तिसरं उत्तर एका तरुण सदस्यानं दिलं, की पोरं आता पालेभाजी खातच नाहीत. त्याला मी आमच्या अंगणवाडीत बोलावलं. रांगोळीच्या दुसऱ्या दिवशी सुनेनं उरलेला पालक मुगाच्या खिचडीत बारीक चिरून घातला होता, वरून लसणाची फोडणी. एका पोरानं आधी हिरवं वेचून ताटलीच्या कडेला लावलं. शेजारची खातेय म्हटल्यावर बोटानं परत मधे ओढलं आणि खाल्लं. त्यानं दुसऱ्यांदा मागितली तेव्हा पातेलं रिकामं होतं. रोज समोर आलं तर खातात. पंधरा दिवसांनी एकदा आलं तर वेचून काढतात, मोठी माणसंही तेच करतात.

विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुन्हा येणार आहे. ठराव लेखी द्यायचा असं आम्ही ठरवलंय. सोमवारचा बाजार आणि शाळा-अंगणवाडीची भाजी गावातून रोखीनं, असे दोनच मुद्दे. त्यासाठी आपल्या वाचकांकडून एक मदत हवी आहे. कोणाच्या ग्रामपंचायतीनं बाजाराच्या लिलावातून पाटीवाल्या बायकांना वगळलं असेल, किंवा कोणाच्या शाळेनं गटाकडून भाजी घेऊन त्याचा हिशोब लेखापरीक्षणात बसवला असेल, तर ठरावाचा मसुदा आणि पावत्यांची पद्धत कशी ठेवली ते याच सदरात कळवावं. आमचे ग्रामसेवक म्हणतात, असं कुठंही झालेलं नाही, एक उदाहरण आणा, लगेच लिहून घेतो.

कळावे,
आपली,
सोलापूर जिल्ह्यातील एक भाजीपाला उत्पादक
(ग्रामसभा व्हायची आहे, म्हणून नाव-गाव छापू नये ही विनंती.)